विद्यापीठातील प्रयोगशाळा-उपकरणांची खुली ऑनलाइन सूची कशी तयार करावी आणि कशी चालती ठेवावी

विद्यापीठाकडे कोणकोणती उपकरणे आहेत, याची माहिती बहुतेक ठिकाणी चार जागी विखुरलेली असते. खरेदीचे आदेश आणि देयके वित्त विभागात असतात, क्रमांक व किंमत विभागाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) असते, वापराची नोंद यंत्राशेजारच्या लॉगबुकात असते, आणि त्या यंत्राला नेमके काय जमते व काय जमत नाही, हे ते चालवणाऱ्या तंत्रज्ञालाच ठाऊक असते. बाहेरच्या संशोधकाला यांपैकी एकही दार उघडे नसते. परिणामी एका विभागातील यंत्र आठवड्यातील बराच काळ नुसते उभे असते, त्याच आवारातील दुसरा विभाग तसल्याच यंत्रासाठी नवा प्रस्ताव लिहीत असतो, आणि तालुक्याच्या महाविद्यालयात पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी आपले नमुने कुठे तपासून मिळतील, हे ओळखीपाळखीतून शोधत असते. ज्यांची ओळख नाही त्यांचे संशोधन थांबते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. कारण ही उपकरणे मुख्यतः सार्वजनिक पैशातून घेतलेली असतात. पुढील मार्गदर्शन विभागप्रमुख, केंद्रीय उपकरण सुविधेचे समन्वयक, ग्रंथपाल आणि संगणक केंद्राचे कर्मचारी यांच्यासाठी आहे.

आधी जे झाले आहे ते पाहून घ्यावे

उपकरणे वाटून वापरण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७०च्या दशकात प्रादेशिक अत्याधुनिक उपकरण केंद्रे सुरू केली. आज ती ‘सैफ’ या नावाने ओळखली जातात आणि मुंबईच्या आयआयटीतील केंद्र हे त्यांपैकी जुने व परिचित केंद्र आहे. ३ जानेवारी २०२० रोजी बंगळूरू येथील १०७व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय पोर्टलचे उद्घाटन झाले. प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाचा हा उपक्रम असून देशभरातील संस्थांची उपकरणे त्यावर शोधता येतात आणि त्यांची वेळही आरक्षित करता येते. २०२२ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने उपकरणांची सामायिक वापरणी आणि देखभाल यांविषयी ‘श्रीमान’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. विद्यापीठाच्या समितीपुढे प्रस्ताव मांडताना या दोन्हींचा आधार अवश्य घ्यावा. ‘असे करायला परवानगी आहे का’ हा प्रश्न त्यामुळे पहिल्याच बैठकीत मिटतो.

ब्रिटनमधील अनुभव वेगळ्या कारणासाठी अभ्यासण्यासारखा आहे. लफबरो विद्यापीठाने ‘किट-कॅटलॉग’ नावाची मुक्तस्रोत प्रणाली तयार केली आणि इतर विद्यापीठांनाही ती वापरायला मोकळी ठेवली. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संकेतस्थळाने त्यापुढचे पाऊल टाकले. प्रत्येक विद्यापीठाने आपली सूची आपल्याच संकेतस्थळावर, ठरलेल्या रकान्यांच्या साध्या फाइलमध्ये ठेवायची आणि राष्ट्रीय संकेतस्थळाने ती ठरावीक काळाने आपोआप उचलून एकत्रित शोधासाठी द्यायची, अशी ती रचना होती. माहिती ज्याच्या ताब्यात असते, दुरुस्तीचा अधिकारही त्याच्याच हातात राहतो आणि एकच माहिती दोनदा भरावी लागत नाही. सूची तयार करताना हे तत्त्व मनाशी पक्के धरावे.

आय-स्टेमवर नोंद केली असेल तर स्वतःची सूची वेगळी कशाला, असे विचारले जाते. आय-स्टेमवर नोंद करायलाच हवी. परंतु विद्यापीठातील मध्यम आणि लहान उपकरणे, अंतर्गत वापराचे नियम, नमुना कसा तयार करावा याच्या मराठी सूचना आणि संलग्न महाविद्यालयांसाठीचे दर यांना हक्काची जागा आपल्या सूचीतच मिळते. शिवाय आपली माहिती आपल्याकडे नीट लावलेली असली की तीच पुढे राष्ट्रीय पोर्टलवर चढवणे सोपे जाते.

जबाबदारी आणि व्याप्ती ठरवणे

पहिला कागद कुलसचिवांच्या सहीच्या परिपत्रकाचा असावा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: सूचीचा एक समन्वयक कोण, प्रत्येक विभागातर्फे नोंदींना जबाबदार कोण, आणि नोंद न देण्याची मुभा कोणत्या कारणासाठी व कोणाच्या संमतीने मिळेल. ही तिसरी बाब हमखास गाळली जाते आणि मग जो विभाग गप्प बसतो त्याला विचारणारे कोणी उरत नाही.

कोणती उपकरणे घ्यावीत, यासाठी किमतीची मर्यादा ठरवणे सोयीचे असते. उदाहरणार्थ, सुरुवातीला पाच लाख रुपयांवरील उपकरणे घेता येतील. मात्र किंमत हा एकमेव निकष धरू नये. नमुने गोठवून वाळवणारा फ्रीझ ड्रायर, बॉल मिल किंवा उणे ८० अंशांचा फ्रीझर यांची किंमत कदाचित त्या मर्यादेपेक्षा कमी असेल, पण लहान महाविद्यालयाला नेमकी त्यांचीच गरज असते. ‘याच्यासाठी बाहेरगावचा माणूस प्रवास करून येईल का’ असा प्रश्न प्रत्येक उपकरणाबाबत विचारावा आणि उत्तर होकारार्थी असेल तर त्याची नोंद घ्यावी.

प्रत्यक्ष पाहणी

विभागांना ऑनलाइन अर्ज पाठवून माहिती मागवण्याचा मोह टाळावा. अर्ज भरून येतात, पण त्यांत रजिस्टरमधील जुनी नावे जशीच्या तशी उतरलेली असतात आणि बंद पडलेली यंत्रेही ‘चालू’ म्हणून दाखवलेली असतात. समन्वयकाने एका तांत्रिक सहकाऱ्यासह प्रत्येक प्रयोगशाळेत जावे, हातात डेड स्टॉक रजिस्टरची प्रत असावी आणि प्रत्येक यंत्रासमोर उभे राहून नोंद करावी. त्या वेळी लॉगबुकातील शेवटच्या नोंदीची तारीख जरूर पाहावी. यंत्राच्या प्रकृतीविषयी तिच्याइतके खरे उत्तर दुसरीकडे मिळत नाही. पाहणीअंती उपकरणांचे तीन गट करावेत: चालू, बंद पण दुरुस्त होण्याजोगे, आणि निर्लेखनास (नोंदीतून कायमचे काढून टाकण्यास) योग्य. तिसऱ्या गटातील उपकरणे सूचीत घेऊ नयेत, त्यांचे निर्लेखन स्वतंत्रपणे मार्गी लावावे. दुसरा गट मात्र लपवू नये. एखादे यंत्र केवळ एका सुट्या भागासाठी किंवा संपलेल्या देखभाल करारासाठी अडून पडले आहे हे उघड दिसले, तर त्याचा खर्च वाटून घ्यायला दुसरा विभाग पुढे येण्याची शक्यता असते.

तंत्रज्ञाशी शांतपणे बोलायला वेळ काढावा. यंत्र सुरू होऊन स्थिर व्हायला किती वेळ लागतो, कोणत्या नमुन्यांमुळे ते वारंवार बिघडते, पावसाळ्यात दमटपणाचा काय त्रास होतो, वीज गेल्यावर यूपीएस किती मिनिटे टिकतो, ही माहिती कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नसते. ती सेवानिवृत्तीबरोबर निघून जाण्याआधी लिहून घेतली गेली पाहिजे.

नोंद कशी लिहावी

सगळ्या कामाचे यश या टप्प्यावर ठरते. ‘स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, १ नग, भौतिकशास्त्र विभाग’ ही नोंद लेखापरीक्षणाला पुरेशी असेल. संशोधकाला तिचा काहीही उपयोग नाही. नोंद वाचून संशोधकाला तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत: माझे काम या यंत्रावर होईल का, मी नमुना कसा आणावा, आणि मी कोणाशी बोलू.

पहिल्या प्रश्नासाठी उपकरणाचे नाव, उत्पादक, मॉडेल आणि खरेदीचे वर्ष यांबरोबरच तंत्राचे नाव वेगळ्या रकान्यात लिहावे. शोधणारा क्वचितच मॉडेलच्या नावाने शोधतो. एकाच तंत्रासाठी तो ‘एक्सआरडी’ असे टंकतो, ‘क्ष-किरण विवर्तन’ असे टंकतो किंवा ‘पावडर डिफ्रॅक्शन’ असेही टंकतो. हे सर्व पर्याय नोंदीत असले पाहिजेत. त्यानंतर क्षमता आकड्यांत द्यावी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असेल तर त्वरण-व्होल्टेजची मर्यादा, मूलद्रव्ये ओळखणारा ईडीएस शोधक जोडलेला आहे की नाही, सोन्याचा मुलामा देणारे कोटिंग यंत्र शेजारी उपलब्ध आहे का, हे लिहावे. एनएमआर (चुंबकीय क्षेत्राच्या साह्याने रेणूंची रचना तपासणारे यंत्र) असेल तर तो किती मेगाहर्ट्‌झचा, द्रव नमुन्यांसाठी की घन नमुन्यांसाठी, आणि कोणत्या अणुकेंद्रकांसाठीचा प्रोब त्यात बसवलेला आहे, हे स्पष्ट करावे. जोडीला काय होणार नाही, तेही सांगावे. ‘ओले, तेलकट किंवा निर्वातात वायू सोडणारे नमुने स्वीकारले जात नाहीत’ या एका वाक्याने कितीतरी निष्फळ पत्रव्यवहार आणि प्रवास वाचतो.

नमुन्याविषयीच्या सूचना इतक्या नेमक्या असाव्यात की पहिल्यांदाच नमुना पाठवणाऱ्या विद्यार्थ्याला फोन करावा लागू नये. उदाहरणार्थ, पावडर एक्सआरडीसाठी नमुना बारीक दळलेला आणि पूर्ण कोरडा असावा व तो किती ग्रॅम हवा, हे लिहावे. एनएमआरसाठी नमुना कोणत्या ड्युटेरियमयुक्त द्रावकात विरघळतो हे पाठवणाऱ्याने कळवावे आणि द्रावक कोण पुरवणार, तेही सांगावे. एचपीएलसीसाठी (द्रावणातील घटक वेगळे करणाऱ्या तंत्रासाठी) द्रावण ०.४५ किंवा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेले असावे; जीसी-एमएससाठी (वायुरूपात घटक वेगळे करून ओळखणाऱ्या तंत्रासाठी) पदार्थ बाष्पनशील असावा आणि उष्णतेने विघटित न होणारा असावा; एफटीआयआरसाठी (अवरक्त किरणांनी रेणू ओळखणाऱ्या तंत्रासाठी) पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करायची आहे की नमुना थेट ठेवता येणारी एटीआर जोडणी आहे, हे स्पष्ट करावे. हा मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असावा. तांत्रिक संज्ञा रूढ इंग्रजी रूपातच ठेवल्या तरी चालतील, पण पूर्वतयारीच्या सूचना मराठीत वाचायला मिळाल्या तर ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हातून नमुने वाया जाण्याचे प्रमाण नक्की कमी होईल.

संपर्कासाठी व्यक्तीचा खासगी मोबाइल क्रमांक देऊ नये. पदाच्या नावाने ई-मेल पत्ता उघडावा आणि तो किमान दोन जण पाहतील अशी व्यवस्था करावी. त्यामुळे व्यक्ती बदलली तरी पत्ता तोच राहतो. उपकरणाचा अनुक्रमांक आणि सहज उचलून नेता येईल अशा वस्तूंच्या खोलीचा क्रमांक सार्वजनिक नोंदीत देण्याचे कारण नाही. ते रकाने अंतर्गत प्रतीत ठेवावेत.

शेवटचे दोन रकाने छोटे आहेत, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहेत: सद्यःस्थिती आणि ती शेवटची तपासल्याची तारीख. तारखेविना लिहिलेल्या ‘चालू’ या शब्दावर कोणीही विसंबू नये. तीन महिन्यांत स्थिती तपासली गेली नाही, तर नोंदीवर तसा शेरा आपोआप दिसावा, अशी सोय पहिल्या दिवसापासून करावी. यंत्र बंद पडले तर नोंद काढून न टाकता ‘दुरुस्तीसाठी बंद’ असे लिहावे आणि जवळच्या ज्या संस्थेत तेच तंत्र उपलब्ध आहे, तिचे नाव द्यावे.

तांत्रिक मांडणी

महागडे सॉफ्टवेअर घेण्याची घाई करू नये. काही शे नोंदींपर्यंत एक नीट लावलेली स्प्रेडशीट पुरते: प्रत्येक ओळीत एक उपकरण, प्रत्येक रकान्यात एकच प्रकारची माहिती, तारखा एकाच पद्धतीने, मराठी मजकूर युनिकोडमध्ये. त्यातून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) काढून ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कायम न बदलणाऱ्या पत्त्यावर ठेवावी आणि तीच फाइल वाचून शोधपान तयार करावे. पुढे गरज भासल्यास किट-कॅटलॉगसारखी मुक्तस्रोत प्रणाली संगणक केंद्राला बसवता येईल. पीडीएफमध्ये सूची टाकणे म्हणजे ती न टाकल्यासारखेच आहे. ती शोधता येत नाही, छाननी करता येत नाही आणि दुसऱ्या प्रणालीला वाचताही येत नाही. सूची पाहण्यासाठी लॉगिनची अटही नसावी, कारण बाहेरचा शोधक बहुधा सर्च इंजिनमधूनच येणार.

प्रत्येक उपकरणाला विद्यापीठाचा स्वतःचा कायमस्वरूपी क्रमांक द्यावा. विभाग बदलला, इमारत बदलली तरी तो बदलू नये, आणि उपकरण निर्लेखित झाल्यावर तोच क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. आंतरराष्ट्रीय स्तरावर उपकरणांना डीओआयसारखे कायम ओळखक्रमांक देण्याची पद्धत रुजू लागली आहे. शोधनिबंधात तो क्रमांक दिला की कोणत्या यंत्रातून कोणते संशोधन झाले, याचा माग काढता येतो. मोठ्या उपकरणांसाठी याचा विचार जरूर करावा. संपूर्ण सूची क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश परवान्याखाली प्रसिद्ध केल्यास इतर विद्यापीठे आणि राष्ट्रीय पोर्टल ती वेगळी परवानगी न मागता वापरू शकतील.

दर, कर आणि पैसा कुठे जाणार

सूचीत दर नसेल तर प्रत्येक चौकशी ई-मेलच्या लांबलचक मालिकेत अडकते. साधारणतः तीन स्तर पुरतात: स्वतःच्या विद्यापीठातील व संलग्न महाविद्यालयांतील संशोधक, इतर शैक्षणिक व शासकीय संस्था, आणि उद्योग. दर ठरवताना प्रत्येक नमुन्याला लागणारे उपभोग्य साहित्य, वार्षिक देखभाल कराराचा वाटा, वीज आणि चालकाचे श्रम हे चार घटक कागदावर मांडावेत. पहिल्या स्तरासाठी केवळ उपभोग्य साहित्याचा खर्च घ्यावा, असे माझे मत आहे. उपकरण अनुदानातून आले असेल तर शैक्षणिक वापरकर्त्यांकडून त्याची मूळ किंमत वसूल करण्याचा प्रयत्न करू नये.

एनएमआरचे उदाहरण घेतल्यास सामायिक वापराचे गणित स्पष्ट दिसते. त्यातील अतिवाहक चुंबक अतिथंड ठेवण्यासाठी द्रव हेलियम आणि द्रव नायट्रोजन ठरावीक अंतराने भरावेच लागते, मग महिन्याभरात एक नमुना तपासला असो वा पाचशे. वापरकर्ते वाढले की हा अटळ खर्च अधिक जणांत वाटला जातो आणि प्रत्येकाचा दर खाली येतो. यंत्र इतरांना दिले तर लवकर झिजेल, ही भीती सर्व उपकरणांना सारखी लागू होत नाही. ज्यांना ती लागू होते, म्हणजे ज्यांच्यात फिलामेंट, दिवा किंवा कॉलम असे झिजणारे भाग असतात, त्यांच्या दरातच त्या भागांचा खर्च धरावा.

बाहेरच्यांकडून घेतलेल्या चाचणीशुल्कावर सर्वसाधारणपणे १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. आपल्या संस्थेला नेमके काय लागू आहे, हे वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून लेखी घेऊन मगच दर जाहीर करावेत. दरपत्रकाला विद्यापीठाच्या सक्षम प्राधिकरणाची मान्यता घ्यावी, म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप येणार नाही.

जमा शुल्काचे काय होणार, हे आधीच ठरवणे अत्यावश्यक आहे. सगळी रक्कम विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत गेली, तर विभागाच्या वाट्याला वाढलेले काम आणि झिजलेले यंत्र एवढेच येते. मग दार हळूहळू आतून बंद होते. शुल्काचा मोठा भाग त्याच उपकरणाच्या देखभालीसाठी राखीव ठेवण्याचा आणि चालकाला अतिरिक्त कामाचा मोबदला देण्याचा ठराव सूची प्रसिद्ध होण्यापूर्वी झाला पाहिजे. तंत्रज्ञाचा विचार न करता आखलेली एकही योजना टिकणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

अटी आणि सुरक्षितता

प्रत्येक उपकरणाच्या मंजुरीपत्रात निधी देणाऱ्या संस्थेने घातलेल्या अटी वाचाव्यात. संशोधनासाठी म्हणून सीमाशुल्कात सवलत घेऊन आयात केलेले उपकरण उद्योगांच्या चाचण्यांसाठी वापरण्यापूर्वी सवलतीच्या अटी तपासाव्यात. क्ष-किरणांवर चालणाऱ्या विश्लेषण यंत्रांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर आवश्यक ती नोंदणी झालेली असली पाहिजे. जनुकीय बदल केलेले किंवा रोगकारक जैविक नमुने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या संमतीशिवाय स्वीकारू नयेत, आणि प्रत्येक नमुन्यासोबत त्याच्या विषारीपणाविषयीचे निवेदन मागावे. उरलेला नमुना किती दिवस ठेवला जाईल, निकालांची गोपनीयता कशी राखली जाईल, हेही नोंदीशी जोडलेल्या पानावर लिहावे.

श्रेयाचा प्रश्नही त्याच पानावर सोडवावा. शुल्क भरून केलेल्या चाचणीसाठी शोधनिबंधात सुविधेचा ऋणनिर्देश करणे पुरेसे आहे. प्रयोगाच्या आखणीत किंवा निकालांच्या अन्वयार्थात खरा बौद्धिक वाटा असेल तरच सहलेखकत्व द्यावे. हे लेखी नसले की तरुण संशोधकावर नको तो दबाव येतो.

आरक्षण आणि दैनंदिन व्यवहार

आरक्षणाची संगणकीय व्यवस्था सुरुवातीलाच उभारण्याची गरज नाही. पदाच्या ई-मेलवर विनंती, तीन कामकाजी दिवसांत उत्तर आणि सर्वांना दिसणारे साप्ताहिक वेळापत्रक, एवढे शिस्तीने पाळले तरी पुष्कळ झाले. आठवड्यातील एक दिवस बाहेरच्या नमुन्यांसाठी राखून ठेवावा, अन्यथा अंतर्गत कामाच्या रेट्यात त्यांची पाळी येतच नाही. जिथे वापरकर्त्याने स्वतः यंत्र चालवणे योग्य असेल, तिथे प्रशिक्षण घेतल्याशिवाय ते हाती देऊ नये आणि प्रशिक्षितांची यादी ठेवावी.

सूचीचा वापर वाढवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग खरेदी समितीतून जातो. नव्या उपकरणाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत आपली सूची आणि आय-स्टेम यांवर घेतलेल्या शोधाचा निकाल जोडण्याची अट घालावी, आणि तसले उपकरण उपलब्ध असूनही नवे का हवे, हे प्रस्तावकाने लिहावे. कारण रास्त असू शकते: यंत्रावर आधीच मोठी रांग असेल, किंवा नमुना काही तासांतच खराब होत असल्यामुळे तो दूर नेता येत नसेल. पण कारण लिहावे लागते म्हणून प्रत्येक जण सूची उघडतो, आणि आपल्या विभागाची नोंद अपुरी असल्याचे त्याला तेव्हाच दिसते.

प्रत्येक तिमाहीस समन्वयकाने सर्व नोंदींची स्थिती विभागांकडून पडताळून घ्यावी आणि वर्षातून एकदा पुन्हा प्रत्यक्ष फेरी मारावी. वर्षाअखेरीस उपकरणनिहाय वापराचे तास, बाहेरून आलेल्या विनंत्या, आणि नाकाराव्या लागलेल्या विनंत्या कारणांसह सूचीच्या पानावरच प्रसिद्ध कराव्यात. नाकारलेल्या विनंत्यांची नोंद विशेष काळजीने ठेवावी. कोणत्या तंत्राची मागणी आपल्या परिसरात आहे आणि ती कोण पुरवू शकत नाही, हे त्यातून कळते, आणि पुढच्या अनुदानाच्या प्रस्तावात तोच तक्ता जोडता येतो.